स्वयंसेवी संगणकप्रकल्प आणि यंत्रखरेदीचे समर्थन

१

अरुणावतीच्या काठी वसलेले आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून यवतमाळमार्गे तुळजापूरकडे जाणारा महामार्ग ह्या गावावरून जातो आणि बाबा कंबलपोष ह्यांच्या दर्ग्यामुळे गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. कोणताही चांगला छापील नकाशा उघडला, तर त्यात आर्णी सापडते, महामार्ग सापडतो, नदीही सापडते. परंतु ह्या जिल्ह्यातील कोलामांचे पोड, नाल्यापलीकडचे बंजाऱ्यांचे तांडे आणि पावसाळ्यात चिखलाने बंद होणाऱ्या पांदणी ह्यांचा ठाव अशा नकाशांत क्वचितच लागतो. जेथे विक्रीचा लाभ नाही तेथे व्यापारी नकाशाकार सावकाश पोचतो, आणि सरकारी नकाशाची नवी आवृत्ती निघेपर्यंत वस्ती जागा बदलून बसलेली असते.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग गेल्या दोन दशकांत निर्माण झाला आहे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ ह्या नावाने चालणाऱ्या जागतिक नकाशाचा आरंभ २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट ह्यांनी केला. ह्या नकाशात कोणासही भर घालता येते, तो कोणासही फुकट वापरता येतो, आणि तो चालविणारे सॉफ्टवेअरही सर्वांस खुले आहे. नोंदणी केलेल्या सभासदांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली असली, तरी त्यांना वेतन मिळत नाही. त्या सर्वांच्या श्रमाचा साठा मात्र काही थोड्या यंत्रांवर आहे, आणि ती यंत्रे केबलींनी एकमेकांस जोडणाऱ्या ‘स्विच’ नामक पेट्या जुन्या झाल्या म्हणजे त्या बदलाव्यात की नाहीत, असा प्रश्न उभा राहतो.

वरवर पाहता हा प्रश्न खरेदीखात्याचा आहे. विद्यापीठीय परीक्षणाचा विषय व्हावा असे त्यात काय आहे, अशी शंका येईल. परंतु अशा खरेदीसाठी जे समर्थन लिहिले जाते तो युक्तिवादाचा एक स्वतंत्र प्रकार होऊन बसला आहे. त्याचा वाचक वरिष्ठ अधिकारी नसून देणगीदार व सहश्रमी असतो. त्याचा लेखक बहुधा स्वतःच विनावेतन राबणारा असतो. आणि त्यात चूक झाली तर तिचा भुर्दंड दोघांवरही पडतो. ह्या युक्तिवादाचे प्रचलित प्रकार कोणते, त्यांत ग्राह्य काय आणि त्याज्य काय, आणि त्याचा योग्य निकष कोणता, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

२

प्रथम प्रकार संकटाच्या युक्तिवादाचा. ‘आज साहाय्य न मिळाल्यास उद्या दार बंद होईल’ हे त्याचे सार. ह्याचे ख्यातनाम उदाहरण विकिपीडियाचे आहे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. तो वर्षाचाही झाला नसताना, त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर, साऱ्या भाषांतील विकिपीडियांचा भार वाहणारी मोजकी यंत्रे कोलमडली. तेव्हा जिमी वेल्स ह्यांनी वाचकांना आवाहन केले, अपेक्षेहून अधिक रक्कम थोड्याच दिवसांत जमली, आणि २००४ च्या आरंभी नवे सर्व्हर घेतले गेले. त्या प्रसंगी संकट खरे होते, ते वाचकाच्या डोळ्यांसमोर होते, आणि मागितलेला पैसा कशासाठी आहे हेही स्पष्ट होते. म्हणून ते समर्थन सार्थ ठरले.

पण संकटाच्या भाषेचा दोष असा की ती एकदा यशस्वी झाली म्हणजे लेखकास तिची सवय जडते. पुढे विकिमीडिया प्रतिष्ठानाजवळ मोठी गंगाजळी साठली, तरी वार्षिक आवाहनातील आर्जवाचा सूर ओसरला नाही. अखेर २०२२ च्या नोव्हेंबरात इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच हे आवाहन वाचकाची दिशाभूल करणारे आहे असा कौल दिला, आणि प्रतिष्ठानास मजकूर बदलावा लागला. २०२२-२३ ह्या वर्षी ह्या संस्थेचा एकूण खर्च सुमारे १६ कोटी ९० लाख डॉलर होता. त्यातील यंत्रगृह व महाजालजोडणी ह्यांवरचा खर्च सुमारे ३१ लाख डॉलर, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी होता. ह्या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र विवेक हवा. यंत्रे सांभाळणाऱ्या माणसांचे वेतन ह्या दोन टक्क्यांत धरलेले नाही; तेव्हा उरलेला सर्व पैसा यंत्रांशी असंबद्ध होता असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. तथापि, यंत्राचे नाव पुढे करून अन्य कार्यासाठी पैसा मागितला गेल्याचा संशय एकदा आला, म्हणजे पुढे खरोखरच यंत्र हवे असताना दाता हात आखडतो, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

दुसरा प्रकार तुलनेचा. ‘अन्य सर्वांनी सेकंदाला दहा गिगाबिट वाहणाऱ्या जोडण्या घेतल्या, येथे मात्र अद्याप एकाच गिगाबिटाची आहे’ असा त्याचा आशय असतो. ह्यात तथ्य एवढेच की सर्वत्र रूढ झालेल्या यंत्राचे सुटे भाग आणि जाणकार सहज मिळतात, आणि निर्मात्याने ज्याची देखभाल थांबविली त्या यंत्रातील दोष उघडकीस आले तरी दुरुस्त होत नाहीत. ही कारणे स्वतंत्रपणे मांडली तर ती बळकट आहेत. पण ती न मांडता नुसते शेजाऱ्याकडे बोट दाखविणे म्हणजे गरजेच्या जागी हौस बसविणे होय. लोकवर्गणीतून हौस पुरविता येत नाही.

तिसरा प्रकार सरासरीच्या युक्तिवादाचा. तो सर्वांत शास्त्रीय दिसतो आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. जोडणीची वाहनक्षमता इतकी, तिच्यावरील रोजचा भार सरासरी इतका, असे कोष्टक मांडून निष्कर्ष काढला जातो. समजा, हा सरासरी भार क्षमतेच्या पंधरा टक्के भरला. तर हिशेबनीस साहजिकच म्हणतो, ‘शंभरातील पंच्याऐंशी भाग मोकळे असता नवी खरेदी कशासाठी?’ समर्थकही मग भार वाढत चालल्याचे आलेख काढून, तो अमुक वर्षी शंभरावर जाईल असे भविष्य वर्तवितो. दोघेही एकाच चुकीच्या भूमीवर उभे राहून वाद घालतात. ही भूमी चुकीची का, हे पाहण्यास आर्णीच्या शेजारचेच एक उदाहरण उपयोगी पडेल.

३

मूर्तिजापूरहून कारंजा आणि आर्णीच्या शेजारचे दारव्हा ह्या मार्गाने यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची आगगाडी वऱ्हाडात ‘शकुंतला’ ह्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कंपनीने हा मार्ग बांधला तो मुख्यतः कापसासाठी. रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. आणि मूर्तिजापुरास जी मुंबई-नागपूर लोहमार्गाची गाठ पडते तिचे रूळ १,६७६ मिलिमीटरांचे. ह्याचा परिणाम उघड आहे. अरुंद मार्गावरचा डबा रुंद मार्गावर चालत नाही. म्हणून पुढे जाणारा प्रत्येक गठ्ठा सांध्यावर उतरवून पुन्हा चढविणे भाग होते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ह्या वाटेवर वर्षभरातून सरासरी किती गाठी जातात ह्याचे कोष्टक मांडले, तर मार्ग बहुतेक काळ रिकामा पडलेला दिसला असता. परंतु कापसाचा हंगाम सरासरीने येत नाही. तो वेचणीबरोबर एकदम येतो, आणि त्या दिवसांत मार्गाची खरी क्षमता रुळांवर ठरत नाही, सांध्यावरील हमालांच्या खांद्यांवर ठरते.

ह्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन चालत होते, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातील जिव्हाळा समजण्यासारखा आहे. पण ‘अजून चालते आहे’ हे ज्या यंत्राचे एकमेव समर्थन, त्याचा शेवट काय होतो तेही ह्याच मार्गाने दाखविले. रूळ खिळखिळे होत गेले, वेग उतरत गेला, आणि अखेर गाडी बंद पडली. चालू स्थितीतील यंत्र आणि भरवशाचे यंत्र ह्यांतील भेद सरासरीच्या कोष्टकात दिसत नाही.

संगणकांच्या जाळ्यातही हंगाम असतात, आणि त्यांतील सर्वांत मोठा हंगाम बिघाडाचा. मोठ्या प्रकल्पाचा डेटाबेस, म्हणजे नोंदींचा संग्रह, एकाहून अधिक यंत्रांवर ठेवलेला असतो. त्यांपैकी एक यंत्र निकामी झाले म्हणजे उरलेल्या प्रतीवरून दुसरी प्रत सिद्ध करावी लागते, आणि ही सारी वाहतूक त्या स्विचमधून होते. येथे साधे गणित करून पाहावे. संग्रह दहा टेराबाइटांचा, म्हणजे दहा लाख कोटी बाइटांचा आहे असे धरू. सेकंदाला एक गिगाबिट वाहणाऱ्या जोडणीतून सेकंदास साडेबारा कोटी बाइट जातात. जोडणी पूर्ण क्षमतेने चालली आणि दुसरे काहीच काम त्या वेळी तिच्यावर नसले, तरी प्रत पुरी होण्यास ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास १३ मिनिटे लागतील. दहा गिगाबिटांच्या जोडणीतून तेच काम २ तास १३ मिनिटांत होते. प्रत्यक्षात चकत्यांचा वेग आणि अन्य वाहतूक ह्यांमुळे दोन्ही आकडे वाढतील. पण त्यांतील भेदाचे स्वरूप ह्या गणितातून पुरेसे दिसते.

ह्या बावीस तासांचा अर्थ काय? जर दोनच प्रती असतील, तर एक निकामी झाल्यावर दुसरी तयार होईपर्यंत लक्षावधी माणसांच्या वर्षानुवर्षांच्या श्रमाची एकच चालती प्रत जगात उरते. जुनी राखून ठेवलेली प्रत असली, तरी ती घेतल्यानंतर झालेले काम तिच्यात नसते. ह्या मुदतीत आणखी एक बिघाड झाला, तर जे जाईल ते पुन्हा मिळेलच असे नाही. शिवाय ही प्रत होत असता तीच जोडणी वाचकांची व संपादकांची मागणीही पुरवीत असते. म्हणून व्यवस्थापकास दोहोंपैकी एकाचा वेग कमी करावा लागतो. मूर्तिजापूरच्या सांध्यावर हंगामात व्हावा तसा हा खोळंबा होय. वर्षभराच्या सरासरीत हे बावीस तास जेमतेम एक चतुर्थांश टक्का भरतात, आणि तरीही खरेदीचा निर्णय ज्यावर करावयाचा ते हेच तास आहेत.

विकिपीडियाच्या इतिहासातील एक प्रसंग ह्या विवेचनास पुष्टी देतो. २२ फेब्रुवारी २००५ रोजी फ्लॉरिडातील यंत्रगृहात त्याच्या सर्व्हरांची वीज तुटली. वीज परत येणे ही तुलनेने लहान गोष्ट ठरली. अकस्मात थांबलेल्या यंत्रांवरील संग्रह बिघडले होते, आणि ते तपासून पुन्हा उभे करण्यास त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला. बिघाडाची लांबी बिघाडाच्या कारणावर अवलंबून नसते. सावरण्याच्या साधनांवर ती अवलंबून असते. म्हणून समर्थनाचा पहिला निकष सरासरी भार हा नव्हे, तर पुनःस्थापनेचा काळ हा होय.

४

परंतु हा निकष मान्य केल्यावर एक नवा मोह उत्पन्न होतो. सारे दुखणे जणू जुन्या पेटीत आहे, आणि ती बदलली की प्रकल्प निर्धोक झाला, असे समर्थक म्हणू लागतो. ह्या मोहाला ओपनस्ट्रीटमॅपच्या अनुभवानेच उत्तर दिले आहे.

१५ डिसेंबर २०२४ च्या पहाटे ॲम्स्टरडॅम येथील मुख्य केंद्राचा बाह्य जगाशी संबंध तुटला. बिघाड प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रांत नव्हता. त्यास महाजालाची जोडणी पुरविणाऱ्या संस्थेकडे होता. सर्व्हर सुस्थितीत होते, संग्रह शाबूत होता, पण त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट नव्हती. डब्लिन येथील दुसऱ्या केंद्रातून नकाशाची सेवा केवळ वाचनापुरती उभी करण्यात आली, आणि नकाशात भर घालण्याचे काम १७ डिसेंबरपर्यंत थांबले. त्या वेळी यंत्रगृहातील स्विच अगदी नवाकोरा असता, तरी ह्या बिघाडापुढे त्याचा काही उपाय चालला नसता.

ह्यावरून दोन भिन्न गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत: एक क्षमता, दुसरी वाटांची अनेकता. रुंद वाट एकच असेल तर ती अडल्यावर तिची रुंदी निरुपयोगी ठरते. आणि दोन वाटा एकाच पुलावरून जात असतील तर त्या नावापुरत्याच दोन. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या तांड्याला ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून दोन स्विच, प्रत्येक सर्व्हरपासून दोघांकडे स्वतंत्र केबल, आणि दोन निरनिराळ्या पुरवठादारांकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्या अशी रचना साधली, तरच यंत्रबदलाला पुरता अर्थ येतो. ज्या समर्थनात पेटीची किंमत असते पण बाहेरच्या वाटेचा उल्लेखही नसतो, ते अर्धे समर्थन होय. ते खोटे नसते. पण त्यावर विसंबणाऱ्या दात्याची पुढे निराशा होते.

येथेच आणखी एका प्रचलित दाव्याची तपासणी करणे इष्ट आहे. नव्या यंत्रांमुळे ‘वापरणाऱ्यास वेग मिळेल’ असे आश्वासन बहुतेक समर्थनांत असते. आर्णीतील एखादा शिक्षक भ्रमणध्वनीवर तालुक्याचा नकाशा उघडतो तेव्हा त्यास जी चित्रे दिसतात, ती बहुधा मधल्या साठवणकेंद्रांतून आलेली असतात. त्यास लागणारा विलंब मुख्यतः गावातील मनोऱ्यावर आणि त्या वेळच्या गर्दीवर ठरतो. हॉलंडमधील दोन यंत्रांमधली केबल दहापट क्षमतेची झाली, तर त्याला तिची जाणीवही होणार नाही. विकिमीडियाने २०१८ साली सिंगापूर येथे साठवणकेंद्र सुरू केले. आशियातील वाचकाचे अंतर कमी करणे हाच त्या खर्चाचा हेतू होता, आणि तेथे वेगाचा दावा युक्त होता. मुख्य केंद्रातील स्विचच्या बाबतीत तो युक्त नाही. आर्णीच्या शिक्षकास ह्या खरेदीतून मिळावयाचे ते एवढेच की, तो वस्तीची नोंद करावयास बसेल तेव्हा ती नोंद स्वीकारणारे यंत्र जागेवर असेल. हा लाभ दिसण्यास लहान. पण तो खरा आहे आणि तोच सांगितला पाहिजे.

५

विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, स्वयंसेवी प्रकल्पाने खरेदीपूर्वी सहकार्याचे मार्ग संपवावेत. हे म्हणणे वजनदार आहे. डेबियन ह्या नावाने १९९३ पासून चाललेली स्वयंसेवकांची संगणकप्रणाली जगभर वितरित होते ती मुख्यतः इतरांनी आपल्या खर्चाने ठेवलेल्या प्रतिकृतींतून; अशा प्रतिकृती ठेवणाऱ्यांत अनेक विद्यापीठे आहेत, आणि भारतीय तंत्रशिक्षणसंस्थांनीही असे सौजन्य दाखविले आहे. खुद्द ओपनस्ट्रीटमॅपची यंत्रे आरंभीच्या काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आश्रयाने राहिली. त्याचा सर्व नकाशा एकत्र बांधलेली, सुमारे ऐंशी गिगाबाइटांची फाइल दर आठवड्यास प्रसिद्ध होते, आणि ती इतरांनी आपल्या यंत्रांवरून वाटल्याने मूळ केंद्रावरील भार हलका होतो.

परंतु ह्या मार्गास एक मर्यादा आहे. वाचनाची प्रत वाटता येते. लेखनाची जागा वाटणे तितके सोपे नाही. तयार नकाशा शंभर ठिकाणी ठेवला तर बिघडत नाही, पण आर्णीच्या एखाद्या रस्त्यात एकाच क्षणी दोन माणसांनी दोन निरनिराळे बदल केले, तर त्यांचा मेळ घालणारे एक अधिकृत स्थान लागते. प्रतिकृतींनी बाहेरचा भार हलका होईल. आतला सांधा मात्र प्रकल्पालाच सांभाळावा लागेल.

दान मिळालेल्या जुन्या यंत्रांची गोष्टही अशीच. व्यापारी कंपन्यांनी वापरून टाकलेला स्विच फुकट किंवा अल्प किमतीत मिळतो, आणि पुष्कळदा तो चांगले कामही देतो. एकास दोन घेऊन एक फडताळात ठेवणे हा तर शहाणपणाचा व्यवहार होय. परंतु फुकट यंत्र वीज फुकट खात नाही. यंत्रगृहात जागा आणि वीज ह्यांचे मोजमाप असते. ती दानात मिळाली असल्यास दात्याच्या सौजन्यासही सीमा असते. ह्या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याची देखभाल संपली आहे असे यंत्र कोणाच्या तरी रात्री खाते. हा खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही. म्हणूनच समर्थनाच्या कोष्टकातून तो नेहमी गळतो.

६

येथे ह्या विषयाचे मर्म आहे. व्यापारी संस्थेत यंत्र बंद पडले तर झालेला तोटा पैशात मोजता येतो, आणि त्या तोट्याशी यंत्राची किंमत ताडून पाहता येते. स्वयंसेवी प्रकल्पात विक्रीच नसल्यामुळे बंद पडण्याचा तोटा शून्य आहे, असा भास होतो. वस्तुतः तेथे भांडवल आहे ते माणसांनी आपखुशीने दिलेल्या तासांचे. हे तास दोन ठिकाणी वाया जातात. एक, यंत्रे सांभाळणाऱ्याचे: जुनी पेटी पुनःपुन्हा सुरू करण्यात आणि सुट्टीच्या पहाटे उठण्यात ते जातात. ओपनस्ट्रीटमॅपच्या प्रतिष्ठानाची स्थापना २००६ साली झाली. यंत्रांच्या देखभालीसाठी पगारी माणूस नेमण्यास मात्र २०२२ साल उजाडले. मधली सोळा वर्षे हे ओझे स्वयंसेवकांनीच वाहिले. दुसरे, भर घालणाऱ्याचे: दिवसभराची कामे आटोपून जो तासभर नकाशाला देतो, त्यास ‘सध्या नोंद स्वीकारता येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर केलेले काम कदाचित त्याच्या संगणकावर शिल्लक राहील, पण उत्साहाचा तो तास उद्या परत येईलच असे नाही. पगारी नोकर दुसऱ्या दिवशी कामावर येतो. स्वयंसेवक येतोच असे नाही. तेव्हा यंत्राच्या किमतीत केलेली काटकसर अशा प्रकल्पात नाहीशी होत नाही. ती माणसांच्या तासांतून वसूल होते.

वऱ्हाडाला हा विचार परका नाही. अमरावतीचे विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते त्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला. त्यांनी अंगमेहनतीचे मोल वसूल केले नाही, आणि लोकवर्गणीतील पैसा स्वतःसाठी वापरला नाही. पण हातात खराटा आहे म्हणून त्यांनी धर्मशाळा कुडाच्या बांधल्या नाहीत. पंढरपूर, नाशिक येथील त्यांच्या धर्मशाळा पक्क्या बांधणीच्या उभ्या राहिल्या. कारण तेथे उतरणाऱ्या गरीब यात्रेकरूला छपराची खात्री हवी होती. फुकट श्रम आणि पक्के साहित्य ह्यांत त्यांना विरोध दिसला नाही. उलट श्रम फुकट मिळाले आहेत, म्हणून साहित्य कच्चे घेऊन ते वाया घालविण्याचा अधिकार कोणास नाही, असाच त्या वर्तनाचा अर्थ घ्यावा लागतो.

ह्या दृष्टीने पाहिल्यास, अशा खरेदीच्या समर्थनाने चार प्रश्नांची उत्तरे देणे आवश्यक ठरते. कोणता बिघाड टाळावयाचा आहे? तो झाल्यास सावरण्यास आज किती तास लागतात आणि खरेदीनंतर किती लागतील? ते तास कोणाचे आहेत? आणि हेच फळ खरेदीवाचून, प्रतिकृतींनी किंवा साहाय्याने, मिळण्याजोगे आहे काय? ह्या उत्तरांत विनवणीला जागा नाही, शेजाऱ्याशी तुलनेला नाही, आणि वेगाच्या आश्वासनालाही नाही. ज्या समर्थनाला ही उत्तरे देता येत नाहीत ते फेटाळले जावे. ज्याला देता येतात त्याकडे किंमत मोठी आहे एवढ्याच कारणाने पाठ फिरवू नये. खरेदीनंतर वर्षभराने हेच चार प्रश्न पुन्हा विचारून उत्तरे प्रसिद्ध करणे हेही समर्थनाचेच अंग मानले पाहिजे. कारण देणगीदाराच्या पुढील विश्वासाचा पाया त्यावरच घातला जातो.

७

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि आर्णीलगतच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. तेथे अडकलेल्यांच्या सुटकेसाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे मागविण्यात आली. अशा वेळी तांडा कोठे आहे, त्याच्याकडे कोणत्या बाजूने जाता येते आणि कोणत्या बाजूने येत नाही, हे नकाशात आधीच नोंदलेले असणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको. २०१० सालच्या हैतीच्या आणि २०१५ सालच्या नेपाळच्या भूकंपांनंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर अल्पावधीत रस्ते आणि वस्त्या नोंदवून मदतपथकांचे काम सुकर केले होते. तेव्हाही नोंदणारे हात हजारो होते. त्या नोंदी स्वीकारणारे स्थान मात्र एक होते.

जिल्ह्यातील एखाद्या पोडाची नोंद कोणी तरुण रात्रीच्या निवांत तासात करतो तेव्हा तो हॉलंडमधील यंत्रगृहाचा विचार करीत नाही, आणि त्याने तो करण्याचे कारणही नाही. तो विचार त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी करावयाचा असतो, आणि प्रामाणिक समर्थनात तोच विचार शब्दांत उतरलेला असतो. स्विचच्या किमतीवर वाद अवश्य व्हावा. परंतु त्या वादात एका बाजूला यंत्राचे मूल्य मांडले जात असता दुसऱ्या बाजूला त्या तरुणाचा तास मांडला गेला नाही, तर हिशेब अपुराच राहील.